नव्या वर्षाचा नेम : सीमाभागातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली ओळखीची माणसं साधारण तेच प्रश्न घेऊन येतात. त्यात भरतीची तयारी करणारी पोरं असतात, वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतल्या बायका असतात, उद्यमबागेत शिफ्ट करणारे असतात आणि शेती सांभाळून शिकवणी घेणारेही असतात. यंदा काहीतरी बदलायचं, एवढं सगळ्यांचं ठरलेलं असतं. कुठून धरायचं, हे कळत नसतं. म्हणून ते प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं आहेत आणि जिथं अभ्यास झालेले आहेत तिथं त्यांचे आकडेही आहेत.

सुरुवात 1 जानेवारीला करावी की पाडव्याला?

तुमच्या कामाचं वर्ष जिथं वळतं तिथं करावी. पश्चिम बेळगाव आणि खानापूर तालुक्यात भाताची सुगी नोव्हेंबर-डिसेंबरात येते. कापणी, मळणी आणि पाठोपाठ जमिनीतली ओल जायच्या आत मसूर-वाटाणा पेरायची घाई. अशा घरातल्या माणसानं 1 जानेवारीपासून रोज पहाटे तासभर वाचायचं ठरवलं, तर आठवडाभरात अंगच नाही म्हणतं. त्याच्यासाठी संक्रांत उलटल्यावरचा दिवस चांगला, नाहीतर सरळ गुढीपाडवा. उसाचं घर असेल तर तोड होऊन गाडी कारखान्यावर गेल्याशिवाय डोक्याला उसंत नसते. शिकवणाऱ्यांचं वर्ष जूनला सुरू होतं, दुकानदाराचं दिवाळीच्या पाडव्याला, पगारदाराचं 1 एप्रिलला. यातली कुठलीही तारीख कमी पवित्र नाही.

तारखेला काही अर्थच नाही असंही नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आणि शिक्षणसत्राच्या सुरुवातीला माणसं व्यायामशाळेत जास्त जातात. वाढदिवसानंतरही जातात. मागचं खातं मिटलं, असं वाटायला एक ठळक दिवस पुरतो.

पाडव्याची आपल्याकडे आणखी एक सोय आहे. शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी युगादी असते. कडुलिंब आणि गूळ दोन्ही घरांत खातात. बरोबरीनं सुरुवात करायला भिंतीपलीकडचं माणूस मिळत असेल तर ती संधी सोडू नका.

संकल्प किती असावेत? माझी यादी बारा कलमांची झाली आहे.

एक. बाकीची अकरा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, त्यांची पाळी येईल.

हे मी चातुर्मासाच्या जोरावर सांगते. आपल्या घरांत आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत नेम धरायची जुनी रीत आहे. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. ज्या बाईला शाळेत नीट बसायला मिळालं नाही तीसुद्धा चार-चार महिने एक दिवस न चुकवता हे पाळते. तिचं मन आपल्यापेक्षा खंबीर आहे असं म्हणून सोडून देऊ नका. त्या नेमाची रचना बघा. नेम एकच असतो. तो एवढा लहान असतो की पाहुणे आले, आजारपण आलं तरी मोडत नाही. तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे वाढणारीच विचारते, ‘तुझं वांगं बंद आहे न्हवं?’ त्याला शेवटची तारीख असते आणि त्या दिवशी उद्यापन होतं, गोडधोड होतं.

आपण जानेवारीत जे ठरवतो त्यात यातलं एकही नसतं. ‘यंदा फिट व्हायचं’ याला शेवट नाही, माप नाही, साक्षीदार नाही. म्हणून माझा आग्रह आहे : वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागाला एक नेम द्या. चार महिन्यांनी उद्यापन करा. मग तोच पुढं चालवायचा की नवा धरायचा, हे ठरवा. देवाधर्मावर श्रद्धा असो वा नसो, ही रीत कामाची आहे.

सवय 21 दिवसांत लागते म्हणतात. खरं का?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एखादी नवी गोष्ट करायला लावून अभ्यास केला. ती गोष्ट आपसूक होऊ लागायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. चार महिन्यांचा नेम मी सांगते तो उगीच नाही. तेवढ्यात बहुतेकांची गाडी रुळावर येते.

मध्येच खाडा पडला तर सगळं पहिल्यापासून?

त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी परत धरा. यात्रा, लग्न, रात्रपाळी, घरात कुणाचं दुखणं, हे धरूनच वर्ष असतं. सौंदत्तीच्या यात्रेला जाणारं घर असेल तर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपासचे दिवस आधीच मोकळे ठेवा. गणपतीचे दिवसही तसेच. आधी ठरवून घेतलेली सुट्टी मनाला लागत नाही.

पहाटे उठून चालायला जायचं दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी बुडतं. काय करू?

नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला तुम्ही जाता का? बेळगावातली आणि आजूबाजूच्या गावांतली हजारो पोरं, मोठी माणसं, शाळकरी मुली घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत अंधारातच घराबाहेर पडतात. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, पुढं ध्वज. गल्लीच्या तोंडाशी रांगोळी काढून आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या असतात. सकाळी आठशिवाय अंथरूण न सोडणारा पोरगाही त्या दिवसांत साडेचारला उठतो, गार पाण्यानं अंघोळ करतो. कोण उठवतं त्याला? खाली मित्र हाक मारत असतो आणि आज दौड आपल्या गल्लीतून जाणार हे माहीत असतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाक येत नाही. तो परत आठला उठतो.

म्हणजे उठायची ताकद आहे. हाक मारणारं कुणीतरी पाहिजे. दौडीतल्या दोघा-तिघांनाच धरा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यावर भेटायचं ठरवा. नेम धरायला आपल्या भागात याच्याइतका चांगला दिवस मला दुसरा सुचत नाही. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चाला, किल्ल्याच्या तलावाकडे चाला, येळ्ळूरकरांना तर राजहंसगडाची चढण दारातच आहे.

किती चालायचं, तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. आणि पावसाची सोय आधीच करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, खानापूर-कणकुंबीकडे तर विचारूच नका, पहाटेचं चालणं बुडणारच. त्या चार महिन्यांचा नेम घरातला ठेवा : सूर्यनमस्कार, दोरीउड्या, काहीही छपराखाली होणारं. दिवसभर चिखलणी-लावणी करणाऱ्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नाही, त्यांनी झोपेचा नेम धरावा.

मला यंदा कन्नड लिहा-वाचायला शिकायचं आहे. वय पंचेचाळीस. जमेल?

जमेल, आणि या एका नेमानं तुमचं रोजचं जगणं जितकं सोपं होईल तितकं दुसऱ्या कशानं होणार नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, बसची पाटी कन्नडमध्ये असते. आपल्यापैकी कितीतरी जण बोलायला अस्खलित कन्नड बोलतात आणि कागद पुढं आला की दुसऱ्याचं तोंड बघतात. आपल्याच जमिनीचा कागद वाचून दाखवायला दुसरं माणूस शोधावं लागणं, हे मला फार लागतं. स्वतःचं शिकणं हा त्यावरचा तुमच्या हातातला उपाय आहे.

मराठी माणसाला ही लिपी वाटते तितकी परकी नाही. वर्णमालेचा क्रम तोच आहे : क, ख, ग, घ. ळ आहे. वाक्यात क्रियापद शेवटीच येतं. निर्जीव वस्तूंना तिथं एकच नपुंसकलिंग, त्यामुळे खुर्ची ती आणि टेबल ते ही भानगड नाही. अडतं ते दोन ठिकाणी. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. कन्नड ‘बेळगावी’मधला ‘बे’ ऱ्हस्व असतो. आणि व, प, म ही तीन अक्षरं सुरुवातीला एकमेकांसारखीच दिसतात. या तिघांना पहिल्या आठवड्यात वेगळं ओळखलंत की पुढं वेग येतो.

वडगावातल्या एक काकू मागाच्या कांड्या भरत बसायच्या तेव्हा नातवाचं पहिलीचं कन्नड पुस्तक समोर उघडं ठेवायच्या. पानावर सुताच्या बोचक्यातला एक गोळा ठेवलेला, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून. हात कांडीवर, नजर अक्षरावर, आणि एक कांडी भरेपर्यंत एकच अक्षर ओठांत घोळवायचं. त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून वाचलं ते विजेच्या बिलावरचं आपल्या मालकांचं नाव. बिल हातात धरून त्या गल्लीभर दाखवत फिरल्या.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा : विजेचं बिल, रेशन कार्ड, बसच्या पाट्या. यांवर काय लिहिलेलं असणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे अक्षर ओळखीचं होत जातं. दोन महिन्यांनी घरातला जमिनीचा उतारा काढून बसा.

पण मग मराठीचं काय? लोक नावं ठेवतील.

ठेवतील काही जण. 1956 पासून या भागानं जे सोसलं आहे ते तुमच्या-माझ्या घरात बोललं जातं, सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि ज्याला जी भूमिका योग्य वाटते ती त्यानं ताठ मानेनं घ्यावी. कन्नड वाचता येण्यानं त्यात उणं काही येत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे. कन्नडमधले थोर कवी झाले आणि 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं.

मराठीची काळजी खरी असेल तर तिच्यासाठीही एक नेम धरा. मुलांना घरी रोज पंधरा मिनिटं मराठी वाचून दाखवा; इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना तर हे औषधासारखं लागू पडेल. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथं मुलांना घेऊन जा, पुस्तकांच्या टेबलापाशी त्यांना सोडा आणि एक पुस्तक त्यांच्या मनानं घेऊ द्या. गावोगावच्या वाचनालयांची वर्गणी आजही एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी असते.

घरातलं, मुलांचं, सासू-सासऱ्यांचं सगळं बघून माझ्यासाठी वेळच उरत नाही. मी कसलं नियोजन करणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते आणि पुरुष कधीच विचारत नाही. घरात बसून यावर विचार व्हायला हवा.

उरलेल्या वेळात काही होत नाही, कारण वेळ उरतच नाही. आधी ठरलेल्या एखाद्या कामाला नेम बांधावा लागतो. पीटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. ‘मी वाचीन’ असं म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवलं तर ते तडीला जायची शक्यता खूप वाढते. दुपारची भांडी पालथी घातली की मी वीस मिनिटं शिलाईचं माप शिकेन. धाकट्याला शाळेच्या गाडीत बसवलं की तिथूनच वाचनालयात जाईन. असं. आणि हे घरात सगळ्यांसमोर सांगा. ‘मला वेळ द्या’ म्हटलं की कुणाला काही कळत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात मी नसणार, भात तेवढा लावून ठेवा’ हे कळतं.

बाहेर पडायला बसचं भाडं हे कारण आता उरलेलं नाही. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसनं फुकट जाता येतं. खानापूरहून बेळगावला क्लाससाठी, निपाणीहून चिकोडीला परीक्षेसाठी त्याचा उपयोग करा. देवदर्शनाला तर जातोच आपण.

पैशाची शिस्त कशी लावायची? महिना संपायच्या आत हात रिकामा.

पहिला नेम लिहिण्याचा. चार महिने फक्त खर्च लिहा, काटकसर करू नका. बहुतेक घरांत कळतं की पैसा भाजीत जात नाही, आठवड्याच्या हप्त्यांत जातो. एका बचत संघाचं कर्ज फेडायला दुसऱ्या संघातून उचल, दुसऱ्यासाठी फायनान्सवाल्याकडून. असं चक्र असेल तर वर्षाचा एकच नेम पुरे : नवं कर्ज नाही, आणि सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडायचं.

कर्ज नसेल तर पोस्टात महिन्याला 100 रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते, मुदत पाच वर्षांची. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये येत असतील तर त्यातले निदान 500 आले त्या दिवशीच बाजूला काढा. हप्ता मागंपुढं होतो, म्हणून त्यावर घरखर्च बेतू नका. भिशी लावायची तर ओळखीतल्या आणि लहान रकमेच्या भिशीपलीकडे जाऊ नका.

तंबाखू, मिश्री, दारू सोडायची आहे.

निपाणी तर तंबाखूचीच बाजारपेठ. ज्या घराची चूल विड्यांवर पेटते तिथं ‘सोड’ म्हणणं सोपं नाही, हे मान्य करूनच बोलते. मिश्री लावणाऱ्या बायका तर याला व्यसनच मानत नाहीत. दात घासायचं म्हणून सुरू होतं आणि दिवसातून चार-पाच वेळा होतं. तिच्यातही तंबाखूच असते, तोंडाला धोका तोच.

स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या नववर्ष संकल्पांचा एक अभ्यास 2020 साली छापला गेला. ‘हे सोडीन’ म्हणणाऱ्यांपैकी 47 टक्के वर्षाअखेर स्वतःला यशस्वी म्हणत होते, ‘हे करीन’ म्हणणाऱ्यांपैकी 59 टक्के. म्हणून सोडायच्या जागी काय करायचं ते ठरवा. जेवणानंतरच्या चिमटीऐवजी बडीशेप-लवंग, पानपट्टीच्या कट्ट्याऐवजी दुसरा रस्ता. तंबाखू सोडायला 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे, तिथं समुपदेशक बोलतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र दारू एका दिवसात स्वतःहून तोडू नये. थरकाप, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

तीन वर्षं भरतीची तयारी करतोय. यंदाही तेच ठरवू का?

तुमच्या घरच्यांना न आवडणारं उत्तर देते. यंदा तयारी करा, पण शेवटची तारीख लिहून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र डोळ्यांसमोर असलेल्या गावात सैन्याचं स्वप्न पोरांच्या रक्तात असतं, त्याचा मला आदर आहे. वयाची अट मात्र कुणासाठी थांबत नाही. पहिले चार महिने पूर्ण जोर लावा. दुसऱ्या चार महिन्यांत दिवसाचे दोन तास हातात कसब येईल अशा कामाला द्या : उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) चालवणारे, वेल्डिंग, मोल्डिंग जाणणारे यांना मागणी असते. भरतीत नाव लागलं तर दोन तास वाया गेले असं कुणी म्हणणार नाही.

कशातच मन लागत नाही. नियोजन करावंसंही वाटत नाही.

मग नियोजन बाजूला ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 वर फोन करा. ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारची ‘टेलिमानस’ नावाची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. घरातल्या कुणाला तरी आजच सांगा.

मागचं वर्ष पूर्ण वाया गेलं. आजारपणातच गेलं. आता पुन्हा नव्यानं कसं उभं राहायचं?

आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला एक मुलगा लहानपणापासून गाण्याच्या मैफिली गाजवत होता. तेच पुढचे कुमार गंधर्व. तरुणपणी क्षय झाला, हवापालटासाठी देवासला गेले आणि कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं. त्या काळात अंथरुणावर पडून ते माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. बरे होऊन गायला लागले तेव्हा श्वासाची ताकद पूर्वीची नव्हती, आणि त्यांनी गाण्याची रीतच बदलली. ती ऐकलेली लोकगीतं त्यांच्या रागांत उतरली.

आजारपणातून उठलेल्या माणसानं पूर्वीच्या वेगानं सुरुवात करू नये. पहिला नेम औषधाच्या वेळेचा, दुसरा अर्ध्या तासाच्या चालण्याचा, आणि एवढंच. त्या वर्षात पडल्यापडल्या काय ऐकलंत, काय वाचलंत, कोण भेटायला आलं, ते एकदा लिहून काढा. पुढचा नेम बहुतेक त्यातच सापडतो.

ठरवलेलं लोकांना सांगावं की गुपचूप करावं?

रोज तोंड दिसणाऱ्या दोन माणसांना सांगा. मोबाइलच्या स्टेटसवर टाकू नका. तिथं अभिनंदन आधीच मिळून जातं.

हे वाचेपर्यंत जानेवारी निम्मा संपला. आता पुढच्या वर्षीच बघावं का?

अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस यांनी संकल्प करणाऱ्या 200 जणांचा पाठपुरावा केला होता. पहिला आठवडा 77 टक्क्यांनी निभावला, दोन वर्षांनी 19 टक्के टिकून होते. म्हणजे 1 तारखेला सुरू केलेल्यांपैकीही पुष्कळ जण पहिल्या आठवड्यातच गळतात. तुम्ही या सोमवारी सुरू करा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजपासून चार महिन्यांनी येणारी तारीख शोधा, तिथं लाल पेनानं ‘उद्यापन’ लिहा आणि त्या दिवशी घरी काय गोड करायचं तेही आजच ठरवून टाका. कुंदा आणायचा असेल तर तसं लिहा.